मुहूर्ताचा कॅमेरा

कल्पिता कॅमेरा घेणार आहे हे कळल्याबरोबर डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये त्यांच्या इमारतीत एकाएकी सगळ्यांनाच कॅमेऱ्यातलं कळायला लागलं. विनीतच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कोलशेतच्या कारखान्यातल्या एका मित्राने सांगितलं की ऐंशी हजारांच्या खाली कॅमेरा म्हणून जे काही मिळतं ते खेळणं असतं. खालच्या इस्त्रीवाल्याने सल्ला दिला की त्यापेक्षा चांगला मोबाईल घ्या, फोनही लागतो. सासूबाई गंगुबाई तर सरळच म्हणाल्या, "आमच्या लग्नात एकच फोटो निघालेला, त्यात पण ह्यांचे डोळे मिटलेले. संसार काय अडला का?"

कल्पिता ऐकून घ्यायची. छत्तीस वर्षांची बाई, आठ वर्षं ठाण्याच्या एका तपासणी केंद्रात पेशंटची नावं लिहून घेण्याचं काम केलेली. ऐकून घेण्याची सवय होतीच. ते केंद्र दिवाळीनंतर बंद पडलं आणि ती घरी बसली. घरी बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की डोंबिवलीत दर आठवड्याला कुठे ना कुठे बारसं असतं, डोहाळजेवण असतं, कुणाची साठी असते. मोठे फोटोग्राफर ड्रोन आणतात आणि जाडजूड अल्बम देतात. पण ज्या घरात पाळणा ठेवल्यावर चालायला जागा उरत नाही, तिथे ड्रोन उडवायचा कुठे? अशा घरांत मग भाचेपुतणे मोबाईलवर फोटो काढतात, ते कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात आणि फोन बदलला की जातात. ही छोटी कामं आपण करावीत, असं तिने ठरवलं. नोकरी सुटताना मिळालेल्या पैशांतले वीस हजार तिने त्यासाठी बाजूला ठेवले होते. त्याहून एक रुपया जास्त नाही, असं विनीतला स्वतःहून सांगितलंही होतं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, तिच्या सान्वीचं बारसं ह्याच घरात झालं होतं. तिचे वडील एकटेच पेणहून आले होते, बाळंतविड्याची जड पिशवी घेऊन. मुलीच्या सासरी आलेला बाप जसा वागतो तसेच ते वागले. पिशवी दिली, दाराशी चपलांच्या बाजूला उभे राहिले, पानावर बसवलं तेव्हा जेवले आणि चारच्या गाडीने परत गेले. तिसऱ्या महिन्यात ते वारले. विनीतच्या चुलतभावाने त्या दिवशी एकशे चाळीस फोटो काढले होते. कल्पिताने ते एकेक करून पाहिले. वडील एकाच फोटोत होते, तेही अर्धवट. केळ्यांचा घड धरलेला एक हात आणि पांढऱ्या सदऱ्याचं कोपर. नातीला मांडीवर घेतल्याचा एकही नाही, कारण त्यांना ती कुणी मांडीवर दिलीच नव्हती. बाळंतीण म्हणजे ती स्वतः तापाने आतल्या खोलीत पडून होती; उघड्या दारातून ते दिसत होते, पण उठवत नव्हतं. तो फोटो का नाही, हे तिच्या मनातून अकरा वर्षांत एक दिवसही गेलं नव्हतं.

तर कॅमेरा. तिने वही केली. पन्नासेक व्हिडिओ पाहिले आणि जितके पाहिले तितका गोंधळ वाढला. लहान खिशात मावणारा घ्यावा, की लांबचा चंद्रसुद्धा जवळ आणणारा घ्यावा, की लेन्स बदलता येते तो घ्यावा? सुरुवातीला तिला वाटलं होतं, मेगापिक्सेलचा आकडा जितका मोठा तितका कॅमेरा भारी. म्हणजे साडीचं जसं काठावरून कळतं तसं हे आकड्यावरून कळत असणार. ह्या समजुतीतून तिला तळमजल्यावरच्या विश्रामकाकांनी बाहेर काढलं.

विश्रामकाका मोहन्याच्या कारखान्यात इंजिनीयर होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्यांना फोटोंचं वेड होतं आणि अजूनही त्या विषयावर बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होई. त्यांनी तिची वही चाळली आणि बाजूला ठेवली. "तुला फोटो कुठे काढायचेत? घरात. घरात काय कमी असतं? उजेड. मग चंद्र जवळ आणून काय करशील?" त्यांनी सांगितलं की लेन्स बदलता येईल असा साधा, जुना, वापरलेला कॅमेरा घे. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळेल. पण घेताना डोळे उघडे ठेव. दुकानात टॉर्च घेऊन जा, लेन्समधून उजेडाकडे बघ, आत बुरशीचे धागे दिसले तर हात लावू नकोस. दुकानदारासमोर पन्नास फोटो काढ आणि मगच पैसे दे.

कल्पिताने हे सगळं वहीत उतरवलं, खाली रेघ मारली आणि टॉर्च पर्समध्ये टाकला.

ठाण्यात स्टेशनपासून थोडं आत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सलिल नावाच्या माणसाचं वापरलेल्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. माणूस सरळ होता. तिचं बजेट ऐकून त्याने तोंड वाकडं केलं नाही, हीच तिला अर्धी पावती वाटली. त्याने एक कॅमेरा काउंटरवर ठेवला. हात धरायच्या जागेचं रबर झिजलेलं, पण त्याने दोनचार फोटो काढून दाखवले, छान आले. मग म्हणाला, हाच कॅमेरा आणखी एक आहे. एका डॉक्टरांनी हौसेने घेतला आणि वापरलाच नाही. परवाच आलाय, मीही अजून तपासलेला नाही. तो खोक्यातच होता. खोक्याला चिकटपट्टी, चिकटपट्टीला जरा धूळ. किंमत पाचशे रुपयांनी जास्त, तरी वीस हजारांच्या आतच.

सलिलने चिकटपट्टी कापायला कटर उचलला आणि कल्पिताने त्याचा हात थांबवला.

आता इथे त्या घराची रीत सांगायला हवी. कल्पिताच्या सासरी कुठलीही नवी वस्तू मुहूर्ताशिवाय वापरत नाहीत. वापरत तर नाहीतच, उघडतही नाहीत. मिक्सर पाडव्याची वाट पाहत माळ्यावर बसलेला होता. विनीतची स्कूटर दसऱ्यापर्यंत नऊ दिवस प्लास्टिकसकट पार्किंगमध्ये उभी होती आणि हा पठ्ठ्या रोज तिच्यावरची धूळ झटकून रिक्षाने स्टेशनला जायचा. ह्या सगळ्याला कल्पिता माहेरी गेली की हसायची. पण स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या कामाची पहिली वस्तू घ्यायची वेळ आली तेव्हा तिलाही वाटलं की हिला कुंकू लागल्याशिवाय हात लावू नये. अक्षय्य तृतीया अकरा दिवसांवर होती. वस्तू दुसऱ्याच्या हातची, पण मुहूर्ताला ती कोरीच पाहिजे, असा तो हट्ट.

"ताई, उघडून बघा," सलिल म्हणाला. "चेकिंगला सात दिवसच असतात माझ्याकडे. नंतर मी पण काही करू शकत नाही."

"चांगलाच असणार ना? वापरलेला नाही म्हणताय."

"तसं दिसतंय तरी. पण बघून घ्या."

"नको. तिजेला उघडू."

सलिलने खांदे उडवले आणि बिलावर सात दिवसांचं लाल शाईत लिहिलं. टॉर्च पर्समध्ये होता तो पर्समध्येच राहिला.

खोकं देवघराखालच्या फळीवर बसलं. अकरा दिवस कल्पिता दिवा लावताना त्याच्याकडे बघायची. मधल्या काळात तिला पहिलं कामही मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, ह्यांना नातू झाला होता. सून योगिनी हिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. बारसं तिजेनंतर चौथ्या दिवशी, रविवारी. जिन्यात भेट झाली तेव्हा कल्पिताने धीर करून विचारलं आणि बाई हो म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा होकार म्हणजे शिक्का मारल्यासारखा. त्या रात्री कल्पिताला आनंदाने झोप लागली नाही.

तिजेच्या सकाळी पाट मांडला. गंगुबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सान्वीने फूल ठेवलं. विनीतने चिकटपट्टी कापली. कॅमेरा खरोखर नवाकोरा दिसत होता. कल्पिताने बॅटरी चार्ज करून घातली, लेन्स बसवली, बटण दाबलं. आतून खरखर आवाज आला, लेन्स जागच्या जागी थरथरली आणि पडद्यावर बिघाडाचा संदेश उमटला. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा खरखर. तेव्हा तिला टॉर्च आठवला. उजेडाकडे धरून पाहिलं तर काचेत आत, कडेकडेने, पांढरे धागे पसरलेले. डॉक्टरांनी कॅमेरा वापरला नव्हता हे खरं होतं. वर्षानुवर्षं कपाटात दमट हवेत तो तसाच पडून राहिला होता.

तिने सलिलला फोन लावला. तो चिडला नाही, फसवलंही नाही. एवढंच म्हणाला की आज अकरावा दिवस आहे, ताई, मी तुम्हाला दोनदा म्हणालो होतो. लेन्स दुरुस्तीला पाठवतो, माझ्याकडून मजुरी घेत नाही, पण तीन आठवडे लागतील. बदली लेन्स घ्यायची तर पैसे पडतील. पैसे आता उरले नव्हते आणि तीन आठवड्यांत बारसं थांबणार नव्हतं.

घरात सणाचा आमरस केला होता, ती वाटी तिने तशीच झाकून ठेवली. विनीतने चांगल्या मनाने सांगितलं की बाईंना आजच सांगून टाक, ते दुसरा कुणीतरी बघतील. बरोबरच होतं त्याचं. पण कल्पिताला पक्कं माहीत होतं की पहिलंच काम असं गेलं तर ती दुसरं मागायला कुणाच्या दारात उभी राहणार नाही. कॅमेरा माळ्यावर जाईल आणि ती एखाद्या दवाखान्यात पुन्हा नावं लिहायला बसेल. रडायला आलं तसं ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. गंगुबाई दारात आल्या आणि तिला बघून परत गेल्या. मुहूर्ताचा आग्रह त्यांच्या घरचा होता, हे त्यांनाही कळत होतं.

संध्याकाळी ती कॅमेरा घेऊन विश्रामकाकांकडे गेली. शरमेने तिची मान वर होत नव्हती. काका मोठ्या मनाचे वगैरे असते तर त्यांनी 'मी सांगितलं होतं' हे म्हटलं नसतं. त्यांनी ते तीनदा म्हटलं. एकदा लेन्स बघून, एकदा बिलावरची लाल शाई बघून आणि एकदा नुसतंच. मग त्यांनी लेन्स काढली, कॅमेऱ्याची उघडी खाच खिडकीकडे धरली, बोट न लावता निरखून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कॅमेरा ठणठणीत आहे गं. दुखणं फक्त लेन्सचं आहे." ते उठले आणि आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात तांदळाची पुरचुंडी होती आणि तिच्याशेजारी मऊ कापडात गुंडाळलेली एक छोटी, काळी, जड लेन्स. "कॅमेरा विकला मी. ही विकवली नाही. दर दसऱ्याला पुरचुंडीतले तांदूळ बदलतो, दमटपणा तेच ओढून घेतात. कंपनी तुझ्या कॅमेऱ्याचीच आहे. त्यांनी बसायची खाच एवढ्या वर्षांत बदललेली नाही."

त्यांचे हात कापत होते, म्हणून त्यांनी ती तिलाच बसवायला सांगितली. खट् असा बारीक आवाज झाला. तिने बटण दाबलं. खरखर नाही, संदेश नाही. समोर काकांचा टेबलफॅन दिसला, धूसर. काका म्हणाले की ही आपोआप काही करणार नाही. स्पष्ट दिसण्यासाठी लेन्सवरचं हे कडं हाताने फिरवावं लागेल. उजेड किती घ्यायचा तेही तूच ठरवायचं. एक फोटो काढायचा, पडद्यावर बघायचा, मग कमीजास्त करायचं. आणि ही लांबचं जवळ आणत नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर पायांनी चालत त्याच्याजवळ जायचं.

"आणि चार दिवसांत शिकेन मी?"

"चारच दिवस आहेत, म्हणून शिकशील. डोळ्यावर धर. माणसाचा डोळा स्पष्ट आला की बाकीचं खपतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात कुणाला मोकळा श्वास घेता येईना. मेथी निवडणाऱ्या गंगुबाई, गृहपाठ करणारी सान्वी, दाढी करणारा विनीत, सगळ्यांवर कल्पिता कडं फिरवत चालून जायची. पहिल्या दिवशी दोनशे फोटो काढले, त्यांतले अकरा धड आले. बाकी सगळ्यांत गंगुबाईंच्या नाकाऐवजी मागचा गॅस सिलिंडर स्पष्ट. "माझ्यापेक्षा तो देखणा दिसतोय काय तुला?" असं त्यांनी विचारूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी साठ धड आले. रोज संध्याकाळी ती काकांना दाखवायची आणि काका एकेक फोटो बघून नापास करायचे. शनिवारी त्यांनी एक पास केला. मेथीच्या जुडीवरून वर बघणाऱ्या गंगुबाई, खिडकीचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, डोळ्यात जरासा राग. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, हं.

त्याच संध्याकाळी ती सुहासिनीबाईंकडे गेली आणि खरं काय ते सांगितलं. कॅमेऱ्याची लेन्स खराब निघाली, आता लावलेली उसनी आहे, हाताने चालवावी लागते, मी नवीन आहे. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, ये तू, पण आर्यनलाही, म्हणजे माझ्या पुतण्याला, मोबाईलवर काढायला सांगते. दोन्हीकडून असलेलं बरं. पैशांचं मग बघू. कल्पिताला ते लागलं. पण त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं, हेही तिला कळत होतं.

रविवारी बाईंचं घर माणसांनी गच्च भरलं. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा खिडकीपाशी होता, हे तिचं नशीब. सुरुवातीचे दोनचार फोटो धूसर आले. हळूहळू जमू लागलं. घुगऱ्यांचं ताट, योगिनीच्या हिरव्या बांगड्या, पाळण्याच्या दोरीला लटकलेलं एक चिमुकलं पोर. मग बाळाला पाळण्याखालून आणि वरून देण्याघेण्याचं झालं आणि मोठा क्षण आला. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं, सगळ्या बायका हसत हसत तिच्या पाठीवर धपके घालायला धावल्या. त्या गर्दीत कुणाची तरी कोपरखळी कल्पिताच्या हाताला लागली आणि कडं फिरलं. पडद्यावर पाहिलं तर सगळंच धुकं. बारशातला जो फोटो हवाच हवा, तोच गेला.

आर्यनने मोबाईल उंच धरून तो झकास टिपला होता. त्याने तो तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवलाही. बाई मोबाईलमध्ये बघून समाधानाने मान डोलावत होत्या. कल्पिताला वाटलं, संपलं. आपण आता कोपऱ्यात उभं राहावं आणि जेवणाची पंगत बसली की खाली जावं.

कोपऱ्यात सरकायला म्हणून ती मागे झाली आणि दाराशी आली. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी एक गृहस्थ उभे होते. साठीपुढचे, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायाशी रिकामी झालेली मोठी कापडी पिशवी. मान उंचावून पाळण्याकडे बघत होते आणि कुणी बाजूने गेलं की जागा देण्यासाठी आणखी भिंतीला टेकत होते. योगिनीचे वडील, दौलतराव. मोहन्याहून आले होते. पिशवीतला बाळंतविडा सकाळीच पोचता केला होता, त्यातली जुनी कुंची योगिनीच्या वारलेल्या आईच्या हातची होती आणि आता बाळाच्या डोक्यावर होती. ती बांधताना सगळ्यांनी फोटो काढले होते. ह्यांचा कुणी काढला नव्हता.

कल्पिताने कॅमेरा खाली घेतला. तोच सदरा, तीच जागा, चपलांच्या बाजूची.

"काका, बाळाला घेतलंत का?" तिने विचारलं.

"नाही, असू दे. गर्दी आहे. तुम्ही बाळाचे काढा, ताई. माझा काय करायचाय?"

ती सरळ पाळण्याकडे गेली. गर्दीतून वाट काढताना तिला कुणाचीच भीड वाटली नाही. योगिनीच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली, "बाबांकडे दे ना बाळाला. दाराशी उभे आहेत ते."

योगिनीने मान वळवून बघितलं. बघताक्षणी तिचा चेहरा ओशाळला. तिने बाळ उचललं आणि स्वतः जाऊन वडिलांचा हात धरून त्यांना खिडकीशी आणलं, खुर्चीवर बसवलं, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. दौलतराव आधी अवघडून गेले. हात कुठे धरावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी कुंचीच्या कडेवरून अंगठा फिरवला, तिथल्या धावदोऱ्यावरून, सावकाश, टाक्यामागून टाका. बाळाने त्यांचं बोट पकडलं.

कल्पिताला लांबून काढता येणार नव्हतं. ती चालत जवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि कडं फिरवलं. धूसर, धूसर, मग त्यांचा डोळा. पापणी ओली झाली होती, तिचा एकेक केस दिसत होता. तिने श्वास रोखून दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तिला काही दिसेना, कारण तिचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. तिला वडिलांची इतकी आठवण आली की बाईंच्या त्या भरलेल्या घरात ती गुडघ्यावर बसल्या बसल्या रडली आणि लोकांना वाटलं की फोटोवालीला काहीतरी लागलं.

आठ दिवसांनी तिने फोटो नेऊन दिले. सुहासिनीबाईंनी एकूण बावन्न फोटो बघितले, मुख्याध्यापिकेसारखे, वेळ घेऊन. नाव ठेवतानाचा आर्यनचा चांगला आहे, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग दौलतरावांच्या फोटोशी आल्या आणि पुढे जाईनात. योगिनीने तोच एक मोठा करून मागितला. दोन प्रती, एक इथल्या भिंतीला आणि एक मोहन्याला. पैसे बाईंनी आधी ठरलेले सगळे दिले, वर म्हणाल्या, "आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं." दोन दिवसांनी मोहन्याहून दौलतरावांचाच फोन आला. त्यांच्या शेजाऱ्यांची साठी होती, पुढच्या महिन्यात. ताई येतील का?

दौलतरावांच्या फोटोची एक प्रत कल्पिताने स्वतःसाठीही काढून घेतली होती. ती टेबलावर होती, तेव्हा गंगुबाई तिथे भाजीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि फोटो उचलून खिडकीशी नेला.

"तुझे बाबा पण असेच उभे होते," त्या म्हणाल्या. "सान्वीच्या बारशाला. मी बघितलेलं."

कल्पिताने वर पाहिलं. तिला वाटलं होतं, हे तिच्याशिवाय कुणालाच आठवत नसेल.

"माझ्या हातात पोर होती. मला वाटलं, देऊ नंतर. मग कामात राहिलं. मी त्यांना आत बोलवायला हवं होतं गं. चुकलं माझं."

अकरा वर्षं कल्पिताने फोटो नसल्याचं दुःख केलं होतं. आता सासूच्या तोंडून हे ऐकताना तिला कळलं की तिला फोटोपेक्षा हेच ऐकायचं होतं. तिने गंगुबाईंचा हात धरला.

मग गंगुबाई आत जाऊन पेटीतली नऊवारी नेसल्या, सान्वीला हाक मारून खिडकीशी पाट मांडून बसल्या. अकरा वर्षांची ती लांबलचक पोरगी आजीच्या मांडीवर कशीबशी मावली आणि खिदळू लागली. कल्पिताने कॅमेरा उचलला आणि सवयीने विचारलं, आज दिवस कुठला आहे, उद्या चतुर्थी आहे, उद्या काढूया का?

"मुहूर्त गेला खड्ड्यात," गंगुबाई म्हणाल्या. "माझे पाय दुखायच्या आत काढ."

कल्पिता दोन पावलं जवळ गेली आणि कडं फिरवलं.